आखूड केसांची जनावरं : प्रस्तावना

बाहुल्यांसाठी बाजारात जे फरचं कापड मिळतं, ते मुळात थंड मुलखातल्या जनावरांचं आहे. १९०२ च्या सुमारास अमेरिकेत आणि जर्मनीत थोड्याफार अंतरानं टेडी बेअर जन्माला आला, तेव्हा त्याच्या अंगावर अंगोरा शेळीच्या लांब केसांचं, म्हणजे मोहेरचं, कापड होतं. पुढं मोहेर महाग पडलं, ॲक्रिलिक आणि पॉलिएस्टर आलं, पण अस्वलाचं अंग हाच त्या कापडाचा नमुना राहिला. त्यातून वाघ कापा, हरीण कापा, वासरू कापा. शिवून झाल्यावर प्रत्येकात थोडं अस्वल उरतंच. शहरातल्या मुलाला त्याचं काही वाटत नाही. भोकर तालुक्यातल्या मुलाला वाटतं. त्याच्या नाही तर शेजाऱ्याच्या दावणीला खरं जनावर उभं असतं आणि त्याच्या पाठीवरून त्यानं हात फिरवलेला असतो.

आपल्याकडची जनावरं आखूड केसांची आहेत. लाल कंधारी बैल, देवणी गाय, गाढव, घोडं, शेतात शिरणारी रोही, काळवीट. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढं जातो अशा मुलखात दुसरं काय असणार? केस इतके बारीक आणि अंगाला इतके चिकटलेले की दुरून तो कातडीचाच रंग वाटतो. एका शाळेत फरच्या कापडाच्या बैलाचा खेळ चालला होता. खेळ छान झाला, मुलं हसली, टाळ्या पडल्या. नंतर मागं बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं बाहुली हातात घेतली, उलटसुलट केली आणि शिक्षकाला विचारलं, "गुरुजी, ह्या बैलाला एवढे केसं कामून लावलाव? उन्हात मरंल की." शिक्षकांकडं उत्तर नव्हतं. बाजारात तेवढंच कापड होतं, हे काही उत्तर नव्हे.

फ्लॉकिंग हे त्या प्रश्नाचं एक चांगलं उत्तर आहे. चांगल्या मराठी शब्दासाठी मी अडून बसलो नाही. हे काम करणारे कारागीर फ्लॉकच म्हणतात आणि सुटी पूड विकणारे तिला वेलवेट पावडर म्हणतात. करायचं एवढंच असतं : वस्तूला गोंद लावायचा आणि त्या ओल्या गोंदावर अगदी आखूड, एकसारखे कापलेले धागे असे बसवायचे की प्रत्येक धाग्याचं एक टोक गोंदात रुतेल आणि दुसरं हवेत राहील. धागा नायलॉनचा, रेयॉनचा, पॉलिएस्टरचा किंवा सुताचा. लांबी अर्ध्या मिलिमीटरपासून तीन-चार मिलिमीटरपर्यंत. गोंद वाळला की वरचे सुटे धागे झटकून टाकायचे.

हे तंत्र आपल्या घरात कधीचं येऊन बसलेलं आहे, फक्त आपण त्याच्याकडं तंत्र म्हणून पाहिलेलं नाही. कपाळावरची मखमली टिकली फ्लॉकच्या कापडातून कापलेली असते. लग्नपत्रिकेवरचा बोटाला मऊ लागणारा लाल गणपती फ्लॉकचा. सोनाराच्या डबीच्या आतलं निळं-मरून अस्तर, दुकानातल्या साड्यांवरची फुगीर वेलबुट्टी, हेही बहुतेक वेळा तेच. टिकली बोटावर घेऊन उजेडात तिरकी करून बघा. एका बाजूनं ती काळपट दिसते, दुसऱ्या बाजूनं उजळ. पुढं बैलाच्या पाठीशी गाठ पडेल तेव्हा ह्या साध्या निरीक्षणाचा फार उपयोग होणार आहे.

विजेशिवाय हे काम शेकडो वर्षं चाललं. इंग्लंडमध्ये १६३४ साली जेरोम लॅनियर नावाच्या माणसाला कापडावर आणि तत्सम पृष्ठांवर लोकरीची पूड चिकटवून नक्षी उठवण्याचं पेटंट मिळालं. पुढं अठराव्या शतकात श्रीमंतांच्या भिंतींवर असा मखमली कागद लावायची चाल पडली. कापड कारखान्यात लोकर कातरताना जो भुसा पडे तोच ह्या कामाला घेत. गोंदानं नक्षी छापलेला कागद एका लांबट पेटीत पसरायचा, वरून लोकरीची पूड चाळायची आणि पेटीचा चामड्याचा तळ खालून काठीनं बडवायचा. हादऱ्यानं पूड उडते, पुन्हा पडते आणि पडता पडता बरेच धागे उभे बसतात. ही पेटी मला फार आवडते. भोकरच्या एखाद्या शाळेत डफाचं जुनं चामडं, पिठाची चाळणी आणि चार उत्साही मुलं असली की ती पेटी तयार होते. ह्या पुस्तिकेतलं पहिलं प्रात्यक्षिक म्हणूनच तिचं ठेवलं आहे.

विसाव्या शतकात वीज आली आणि बडवण्याचं काम स्थिर विद्युतभारानं हाती घेतलं. धागे भरलेल्या जाळीला काही हजार व्होल्टचा भार द्यायचा. कारखान्यात तो पन्नास-साठ हजारांच्याही वर जातो. गोंद लावलेली वस्तू जमिनीला, म्हणजे अर्थिंगला, जोडायची. भारलेला धागा जाळीतून सुटतो आणि विद्युतक्षेत्राच्या रेषेत उभा होऊन सरळ गोंदात घुसतो. सगळ्या धाग्यांवर एकाच जातीचा भार असल्यामुळं ते एकमेकांना दूर लोटतात, म्हणून झुपके होत नाहीत. पॉलिश पेपरवरचे कण टोकं वर करून बसवायलाही हीच युक्ती वापरतात. रेल्वेचे छोटे देखावे करणारे हौशी लोक ह्याच रीतीनं गवत उगवतात, आणि त्यांच्या हातातलं यंत्र म्हणजे पुष्कळदा घरी केलेलीच वस्तू असते : चहाची स्टीलची गाळणी, बारा व्होल्टवर चालणारा एक ऋण आयन जनरेटर, बटण, आणि एक तार जिच्या टोकाला चिमटा. पुस्तिकेत त्याची आकृती आहे.

कागदाच्या लगद्याच्या डोक्यातून वीज जात नाही, मग अर्थिंग कुठं जोडायचं, असं विज्ञानाचे शिक्षक नक्की विचारतील. उत्तर ओल्या गोंदातच आहे. पाण्यात मिसळलेला गोंद ओला असेपर्यंत पुरेसा वाहक असतो. त्यात एक बारीक खिळा टेकवायचा आणि चिमटा खिळ्याला लावायचा. खिळ्याची जागा नंतर शिंगाच्या बुडाशी लपते.

आता बाहुलीकडं. महाराष्ट्राच्या बाहुल्यांना केसांची फारशी गरज पडलेली नाही. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर कलावंतांनी कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या जिवंत ठेवल्या. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. पण चामड्याच्या बाहुलीची पडद्यावर सावली पडते, आणि सावलीला लव नसते. यशवंत पाध्ये यांनी घडवलेल्या आणि रामदास पाध्ये यांनी पुढं चालवलेल्या अर्धवटरावांनी शंभरी ओलांडली. तो माणूस आहे, त्याला मिशा पुरल्या. रामदास पाध्ये यांनीच केलेला 'झपाटलेला' (१९९३) मधला तात्या विंचूही माणसाच्याच चेहऱ्याचा. केसाळ बाहुलीचं आपल्याकडचं सर्वांत ओळखीचं उदाहरण शोधायला गेलं तर लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला ससा आठवतो, तोही पाध्यांचाच. त्याच्या अंगावर लांब, फुगीर केस आहेत आणि ते त्याला शोभतात, कारण तो ससा असला तरी आधी विदूषक आहे. पापड खाऊन हसणाऱ्या सशाकडून कुणी खऱ्या सशाची अपेक्षा करत नाही.

अपेक्षा जिथं बदलते तिथं फर अडचण होऊन बसते. १९३३ च्या 'किंग काँग'मधल्या वानराच्या छोट्या बाहुलीवर सशाचं कातडं होतं. दर चित्राला तिला हातानं हलवावं लागे आणि बोटांचे ठसे केसांत उमटत. पडद्यावर काँगचं अंग सतत सळसळताना दिसतं, ते त्या बोटांमुळं. वेस अँडरसननं 'फँटॅस्टिक मिस्टर फॉक्स' (२००९) मध्ये हीच सळसळ मुद्दाम ठेवली, लपवली नाही. ज्यांना ती नको होती त्यांनी आखूड, घट्ट रुतलेली लव पत्करली. जपानच्या एपॉक कंपनीनं १९८५ मध्ये काढलेल्या सिल्व्हेनियन फॅमिलीज ह्या खेळण्यांतले ससे, खारी, अस्वलं सगळी फ्लॉकची आहेत; बोटभर उंचीचं जनावर आणि त्यावर त्याच मापाची लव. माप हाच मुद्दा आहे. बाहुली लहान केली की केसही त्या प्रमाणात लहान व्हायला हवेत. कापडातले केस तसे होत नाहीत, आणि मग वासराच्या अंगावर मेंढीचे केस दिसतात.

आपल्या अगदी शेजारी ह्या प्रश्नाचं तिसरंच उत्तर आहे. कल्याण–निर्मळ महामार्ग भोकरवरून जातो. पुढं भैंसा, मग निर्मळ. तिथले नकाश कारागीर पोनिकी नावाच्या हलक्या लाकडात हरणं, पक्षी, गायी कोरतात, चिंचोक्याच्या लगद्यानं सांधे आणि खाचा भरतात आणि वरून रंगवतात. भौगोलिक मानांकन मिळालेली ही खेळणी आहेत. निर्मळच्या हरणाला केस नाहीत, रंग आहे, आणि त्या रंगाचं वळण इतकं अचूक असतं की केसांची उणीव भासत नाही. फ्लॉकिंग शिकण्याआधी निर्मळचं एखादं हरीण विकत आणून समोर ठेवावं, असं मी आग्रहानं सांगेन. रंग कुठं गडद होतो, पोटाकडं कसा फिका पडतो, हे त्यावरून जितकं कळतं तितकं छायाचित्रावरून कळत नाही. खाली रंग नीट नसेल तर वरची लव काही वाचवू शकत नाही.

चिंचोक्याची खळ आपल्यालाही परकी नाही. धनगर घोंगडीला ती देतात. लगद्याच्या डोक्याला शेवटचा हात तिचाच दिला तर पृष्ठभाग घट्ट होतो आणि वरचा गोंद आत शोषला जात नाही. हे फार महत्त्वाचं आहे. गोंद आत शोषला गेला की लव उभी राहण्याआधीच तिचं बूड कोरडं पडतं, आणि वाळल्यावर हात फिरवला की पाठ टकली होते. खळ वाळल्यावर जनावराच्या रंगाहून थोडा गडद रंग द्यावा, कारण लव विरळ पडली तरी खालून पांढरा कागद डोकावू नये. लवेचा रंग मात्र उलट, किंचित फिका घ्यावा. उभे धागे उजेड आत ओढून घेतात. बाटलीत तांबूस दिसणारी पूड डोक्यावर बसली की तपकिरी दिसते.

गोंद साधा फेव्हिकॉल चालतो, थोडं पाणी घालून दाट दह्याइतका. पण ज्या भागाची हालचाल होते तिथं तो चालत नाही. तोंड उघडणाऱ्या हातबाहुलीचा जबडा, मानेची घडी, कानाचं बूड इथं लवचीक गोंद हवा, रबर लेटेक्सच्या जातीचा. नाही तर दहाव्या खेळात भेग पडते. ज्यांना दोन गोंद सांभाळणं जमणार नाही त्यांनी सांध्यावर लव लावूच नये. बैलाला पोळ्याच्या दिवशी झूल असते, गळ्यात घुंगरमाळ असते, कपाळाला बाशिंग असतं. बाहुलीलाही ती घालावीत. मानेचा सांधा घुंगरमाळेखाली जातो आणि पाठीचा झुलीखाली. शोभा होते ती वेगळी.

आता ज्या भागासाठी ही पुस्तिका लिहिली तिथं येतो. यंत्रानं बसवलेली लव सरळ उभी राहते. ती मखमल झाली, कातडी नव्हे. जिवंत जनावराच्या अंगावर केस झोपलेले असतात आणि त्यांना दिशा असते : नाकाकडून कपाळाकडं, कपाळावरून मानेकडं, वशिंडावरून दोन्ही बाजूंना उतरत, पोटावर मागं आणि खाली. उभ्या धाग्याचं टोक दिसतं, म्हणून मखमल गडद आणि खोल वाटते. झोपलेल्या धाग्याची बाजू दिसते आणि ती उजेड परत फेकते, म्हणून बैलाच्या पाठीवर तकाकी येते. लाल कंधारीचं सौंदर्य ह्या तकाकीत आहे. फ्लॉक केलेले बैल पुष्कळदा सोफ्याच्या कापडाचे वाटतात, त्याला हेच कारण. रंग बरोबर असतो, लांबीही बरोबर असते, पण केस झोपवलेले नसतात.

झोपवायचे ते गोंद ओला असतानाच. लव बसल्यावर दोन-तीन मिनिटांत मऊ कुंचला किंवा हलकी फुंकर घेऊन दिशा द्यायची. जोंधळ्याचं रान वाऱ्यानं एका अंगाला कलतं तशी ती कलते. जाळीच तिरकी धरली तर धागे मुळातच थोडे कललेले बसतात आणि काम अर्धं होतं. दिशा देण्याआधी डोक्यावर पेन्सिलीनं बाण काढून ठेवावेत. मग कपाळावरचा भोवरा. तो विसरला तर बाहुली मुंबईला चालेल, नांदेड जिल्ह्यात चालणार नाही. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडं घेणारा माणूस आधी दात बघतो आणि लगेच भोवरे. बैल घेतानाही कपाळ, खांदा, पाठ चाचपून गोम कुठं आहे ते पाहतात. त्यातलं शुभ-अशुभ मी मानत नाही, पण ते पाहणारी नजर मानतो. केस कुठून फुटतात आणि कुठं मिळतात हे इतक्या बारकाईनं दुसरं कुणी पाहिलेलं नाही. बाहुली करणाऱ्यानं आठवडी बाजारात जनावरांच्या गर्दीत एक सकाळ काढावी, म्हाताऱ्या माणसाशेजारी उभं राहावं आणि तो बोट कुठं ठेवतो ते बघावं.

रंगाचंही तसंच. लाल कंधारी लाल म्हणजे एका डब्यातला लाल नव्हे. वळू गायीपेक्षा गडद असतो. काही जनावरं विटकरीकडं झुकतात, काही जवळजवळ तपकिरी. मी तीन छटा घेतो, विटकरी, तांबडी-तपकिरी आणि चिमूटभर काळी, आणि वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून पाठ, बरगड्या आणि पोट वेगळं करतो. नाकपुडीभोवती, डोळ्याच्या कडेला आणि कानाच्या आत लव नको; तिथं रंग आणि थोडं वॉर्निश. गळ्याखालच्या पोळीवर लव विरळ ठेवावी म्हणजे घड्या दिसतात. मिलिमीटरभर लांबीचा धागा मोठ्या डोक्याला पुरतो, वासराला अर्धा मिलिमीटर. लांब धागा जाडही असावा लागतो, नाही तर तो उभाच राहत नाही. खर्चाची भीती नको. कारखान्यात चौरस मीटरला साधारण शंभर ते दीडशे ग्रॅम पूड धरतात. त्या हिशेबानं हातबाहुलीच्या डोक्याला दहा-पंधरा ग्रॅम पुरे.

देवणी करायला घेतली की गंमत वाढते. लातूर जिल्ह्यातल्या देवणीच्या ह्या गोवंशाचे रंगावरून तीन प्रकार मानतात : पांढराशुभ्र बालंक्या, अंग पांढरं आणि तोंडाच्या बाजूला काळा असा वानेरा, आणि काळ्या ठिपक्यांचा शेवरा. बालंक्या सर्वांत अवघड. पांढऱ्या लवेत एकही चूक लपत नाही आणि जरा हात लागला की ती मळते. शेवरा सोपा आणि देखणा. आधी पांढरी लव पूर्ण बसवून वाळवायची असं कुणी सांगेल तर ऐकू नका. काळ्या ठिपक्याच्या जागी आधी गोंद लावून काळी लव घ्या, ती वाळू द्या, झटका, मग उरलेल्या जागेत पांढरी. कडेला दोन्ही रंग किंचित एकमेकांत शिरतात आणि ठिपका रंगवल्यासारखा दिसत नाही, अंगातून आल्यासारखा दिसतो.

ह्या सगळ्याला हवामान आडवं येतं. फ्लॉकिंगला हवेत पंचावन्न ते पासष्ट टक्के आर्द्रता मानवते आणि तापमान वीस ते पंचवीस अंश. कोरड्या हवेत धागा भार नीट घेत नाही, जाळीलाच चिकटतो, झुपके होतात. फार दमट हवेत भार वाटेतच गळतो. आता भोकरचं वर्ष डोळ्यांपुढं आणा. एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी की फेव्हिकॉलवर साय धरायला दोन मिनिटं पुरतात. जुलै-ऑगस्टमध्ये कागदाचं डोकंच वाळत नाही. आपल्या वाट्याला खरा हंगाम येतो तो दिवाळीच्या आगेमागे. पण शाळेच्या सुट्ट्या उन्हाळ्यात आणि शिबिरंही उन्हाळ्यातच, म्हणून त्यावरचा उपाय इथं प्रत्येक घरात आहे : कूलर. ओल्या जाळ्यांतून येणारी हवा खोलीची आर्द्रता वाढवते. खोलीत तो अर्धा तास चालवावा आणि काम सुरू करताना बंद करावा, कारण वाऱ्यात लव भलतीकडंच बसते. एका वेळी तळहाताएवढाच भाग घ्यावा, आणि दोन भागांची शिवण कानामागं किंवा रंग बदलतो त्या रेषेवर आणावी.

दोन गोष्टी घाबरवण्यासाठीच सांगतो. फ्लॉक दिसायला निरुपद्रवी आहे, पण १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात नायलॉनचं फ्लॉक तयार करणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांना फुप्फुसाचा आजार जडल्याचं डॉक्टरांच्या ध्यानात आलं. नायलॉन कापताना जे अतिसूक्ष्म तुकडे उडतात ते श्वासातून खोल जातात. त्या आजाराला आता फ्लॉक कामगाराचं फुप्फुस अशाच अर्थाचं नाव आहे. शाळेत चार बाहुल्या करणारा आणि दिवसभर कारखान्यात उभा असणारा ह्यांची बरोबरी नाही हे खरं. तरीही नाका-तोंडावर चांगला मास्क पाहिजे, पूड झाडूनं उडवायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची. ज्या तालुक्यात जिनिंगमध्ये कापसाच्या धुळीत काम केलेली माणसं आहेत तिथं ह्याबद्दल जास्त बोलायला नको.

दुसरी गोष्ट विजेची. मच्छर मारण्याची रॅकेट उघडून तिच्यातून हे यंत्र करायचा मोह मुलांना होतो. तिच्यातला कपॅसिटर बटण सोडल्यावरही भार धरून बसतो. ते काम मोठ्यांनी करावं, आणि यंत्र चालू असताना जवळ थिनर किंवा थिनरवर चालणारा गोंद असता कामा नये. एक ठिणगी पुरते.

इतकं सांगितल्यावर माझ्या मुद्द्यातलं भोक दाखवणं भाग आहे. मी म्हटलं की उन्हाळी मुलखातली जनावरं आखूड केसांची. मग किनवट-माहूरच्या जंगलातलं अस्वल? त्याच्या अंगावर लांब, विस्कटलेले काळे केस असतात, मानेभोवती तर आयाळच. त्याला आतली मऊ लोकर नसते म्हणून ते उन्हात तगतं, पण दिसायला ते केसाळच. इथं फ्लॉक हरतं, आणि टेडीचं कापडही हरतं, कारण ते केस एकसारखे नाहीत. अशा वेळी मला अंबाडीचा वाख आवडतो. काळा रंगवून, बोट-दोन बोट तुकडे करून, झुपक्याझुपक्यानं शेपटाकडून डोक्याकडं चिकटवत यायचं. नाकाड आणि डोळ्यांभोवती मात्र आखूड लव, तिथं पुन्हा फ्लॉक. छातीवरचा फिकट पट्टा विसरू नये. बैलाच्या शेपटीचा गोंडा आणि बोकडाची दाढीही वाखाचीच.

अस्वलाचा मुद्दा लांबवला तो कारण आहे म्हणून. एके काळी दरवेशी अस्वल घेऊन गावात येई, माकडवाला येई, आणि मुलं त्या जनावराला हात लावून बघत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. अस्वल आणि माकडं खेळवण्यावर १९९८ च्या अधिसूचनेनं बंदी आली. ती यायलाच हवी होती, नाकात वेसण घातलेलं अस्वल बघणाऱ्याला ह्यात शंका नसेल. पण त्यामुळं गावच्या मुलाचा रानातल्या जनावराशी येणारा हाताचा संबंध संपला. नंदीवाल्याचा मान हलवणारा नंदीही आता क्वचित दिसतो, आणि ट्रॅक्टर आल्यापासून बैलही कमी झाले. खेळ संपल्यावर मुलं बाहुलीला हात लावायला धावतात. तेव्हा हाताला काय लागतं ह्याला, बाहुली काय बोलली ह्याइतकंच महत्त्व आहे असं मला वाटतं. दिल्लीचं सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र शिक्षकांना शिक्षणातल्या बाहुलीकलेचं प्रशिक्षण देतं, आपल्याकडचे कितीतरी गुरुजी आणि बाई ते घेऊन आले आहेत. बोलणं, हालचाल, गोष्ट ह्यांवर बरंच काही सांगितलं जातं. बाहुलीच्या कातडीवर फारसं कुणी बोलत नाही, म्हणून मी तेवढंच बोलतो.

सगळीकडं लव लावत सुटू नये, हेही ओघानं आलं. चार-पाच मीटरवरून बघायच्या कळसूत्री बाहुलीला तिचा उपयोग नाही. तिथं निर्मळसारखा रंगच बरा. छायाबाहुलीचं तर बोलायलाच नको. ज्या बाहुलीला रोज पन्नास हात लागणार तिचं नाक आणि पाठ वर्षभरात चिकट होतील, आणि फ्लॉक धुता येत नाही. ती पुन्हा करायची तयारी हवी. आणि बैल बोलणार असेल, विनोद करणार असेल, शाळेत न जाणाऱ्या मुलाला दम देणार असेल, तर त्याला अगदी हुबेहूब करण्यातही अर्थ नाही. अंग खरं, डोळे बाहुलीचे, अशी माझी तडजोड आहे. काचेचे खरे डोळे लावलेला फ्लॉकचा बैल पेंढा भरलेल्या जनावरासारखा दिसतो आणि लहान मुलं रडतात.

पुढची प्रकरणं कामाच्या क्रमानं आहेत, पण पहिली बाहुली पुस्तिकेच्या मुखपृष्ठावरच्या बैलाची करू नका. पहिली गाढवाची करा. प्रत्येक प्रयोगानंतर कागदावर सांडलेली लव आपण गाळून परत भरतो. चार रंग झाले की त्या डब्यात एक करडी-मातकट पूड जमते. ती कुठल्याही बैलाला चालत नाही, पण गाढवाला तंतोतंत चालते. पाठीवरून एक काळी रेघ, खांद्यावरून दुसरी आडवी, तोंडापाशी आणि पोटाखाली पांढरं. लव थोडी विस्कटली तरी बिघडत नाही, कारण खरं गाढवही नुकतंच धुळीत लोळून उठलेलं असतं.